वाडगाभर पुण्य, मूठभर पाला

शंभर ग्रॅम आइसबर्ग लेट्यूसमध्ये पंच्याण्णव ग्रॅमहून जास्त पाणी असतं. उरलेल्या साडेचार ग्रॅमांत थोडे तंतू, थोडी साखर, जेमतेम ३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, १८ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी लोह. पाण्याशी माझं वैर नाही. पण हॉटेलात ते टेबलावर फुकट मिळतं. तेच पाणी पानांच्या घड्यांत अडकवून, वर चार ऑलिव्ह आणि चीजचा कीस भुरभुरून मेनूच्या 'हेल्दी' रकान्यात तीन-साडेतीनशे रुपयांना विकलं जातं, तेव्हा विकणाऱ्याच्या हुशारीला मी मनातल्या मनात सलाम करतो.

खाणारा अडाणी असता तर गोष्ट वेगळी होती. हा माणूस फ्लॅट घेताना कार्पेट एरिया किती हे बिल्डरला तीनदा विचारतो. विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचतो. आणि हाच माणूस समोर हिरवं पान आलं की डोळे मिटून भाविक होतो. कुठलं पान, किती पान, त्यातलं पोटात काय उतरणार, यातलं काहीही तो विचारत नाही. हिरवं आहे, कच्चं आहे, महाग आहे; म्हणजे पुण्य पदरात पडलं. माझं म्हणणं एवढंच आहे की पानाचं पोषण त्याच्या नावात किंवा किमतीत नसतं. ताटात पडलेलं वजन आणि त्यातून शरीरात शिरलेला अंश, या दोन आकड्यांत ते असतं. हे दोन आकडे मांडले की सॅलडच्या बाजारातली बरीचशी दुकानं बंद करावी लागतील, म्हणून ते कोणी मांडत नाही.

आधी पानापानांतला फरक पाहू. लेट्यूस या एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या पानांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आइसबर्गच्या शंभर ग्रॅममध्ये बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं ते द्रव्य, सुमारे ३०० मायक्रोग्रॅम. लांब, उभ्या पानांच्या रोमेनमध्ये तेच ५२०० च्या आसपास. म्हणजे सतरापट. फोलेट आइसबर्गमध्ये २९ मायक्रोग्रॅम, रोमेनमध्ये १३६, पालकात १९४. मेनूवर 'अरुगुला' म्हणून मिरवणाऱ्या तिखट रॉकेटच्या पानांत कॅल्शियम १६० मिलिग्रॅम, आइसबर्गच्या जवळजवळ नऊपट. वाडग्याचं नाव आणि दर तोच ठेवून स्वयंपाकघरात रोमेनच्या जागी आइसबर्ग घातला, तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

या फरकामागे कसलीही जादू नाही, ऊन आहे. कॅरोटीन पानात हरितद्रव्याच्या शेजारी राहतं आणि हरितद्रव्य उजेडाच्या मागे जातं. आइसबर्गचा गड्डा घट्ट मिटलेला. आतल्या पानांनी जन्मात सूर्य पाहिलेला नसतो. कोबीचंही तेच. मग आपण काय करतो, तर गड्ड्याच्या बाहेरची दोन-चार गडद पानं, जी खरोखर काही कमावून बसली आहेत, ती ओरबाडून फेकतो आणि आतला पांढराफटक भाग 'कोवळा' म्हणून कौतुकानं चिरतो. आइसबर्ग जगभर पसरला तो गुणांमुळे नाही, तब्येतीमुळे. कॅलिफोर्नियातून रेल्वेच्या डब्यांत बर्फाखाली दाबून तो हजारो मैल पाठवता येई आणि पोचल्यावरही कुरकुरीत असे. जो पाला प्रवासासाठी निवडला गेला, त्याच्याकडून पोषणाची अपेक्षा ठेवायची हा आपला भोळेपणा.

आता केल. हे पान मी बिचारं म्हणणार होतो, पण त्याच्या भक्तांनी तेवढी दया शिल्लक ठेवलेली नाही. केलचे चिप्स, केलची स्मूदी, केलची भुकटी. २०१४ साली जेनिफर डी नोया या संशोधिकेनं अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या नियतकालिकात ४७ भाज्या-फळं तपासून पोषणघनतेनुसार क्रमवारी मांडली. सतरा पोषकद्रव्यांचा हिशेब होता. वॉटरक्रेस या पाणथळ पानाला शंभरपैकी शंभर. बीटचा पाला ८७, पालक ८६, साधा सुटा लेट्यूस ७० च्या वर, रोमेन ६३. आणि केल? ४९. पंधरावा क्रमांक. बीट आणून पाला कचऱ्यात टाकणाऱ्या आणि मग केल शोधत सुपरमार्केटच्या काचेच्या कपाटासमोर उभं राहणाऱ्या माणसानं हे दोन आकडे लिहून फ्रिजवर चिकटवावेत.

पण थांबा, ही क्रमवारीही मी डोक्यावर घेणार नाही. ती काढली होती दर शंभर कॅलरींमागे. वॉटरक्रेसच्या शंभर ग्रॅममध्ये ११ कॅलरी. म्हणजे शंभर कॅलरींसाठी नऊशे ग्रॅम पाला चघळायला हवा. दिवसभर रवंथ करणाऱ्यांना ते जमेल. कॅलरीनं भागलं की पाणचट पान आपोआप वर चढतं, कारण भाजक लहान होतो. एवढं गणित शाळेत झालेलं असतं. 'जगातली सर्वांत पौष्टिक भाजी' असे मथळे याच भागाकारातून निघतात. संशोधिकेनं पद्धत स्पष्ट लिहिली होती. मथळे लिहिणाऱ्यांनी ती वाचली नाही आणि मथळे वाचणाऱ्यांनी बाकी काहीच वाचलं नाही.

केलचा खरा गुण वेगळाच आहे आणि त्याचे भक्त नेमका तोच सांगत नाहीत. रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर यांनी १९८८ आणि १९९० साली माणसांवर प्रयोग करून पानांतलं कॅल्शियम शरीरात किती उतरतं हे मोजलं. पालकातलं पाच टक्के उतरलं. त्याच प्रयोगात दुधातलं सत्तावीस-अठ्ठावीस टक्के. केलमधलं मात्र चाळीस टक्क्यांच्या आसपास. कारण पालकात ऑक्झॅलेट भरपूर. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि तसंच बाहेर नेतं. केलमध्ये ते फार कमी. म्हणजे तक्त्यात पालकासमोर ९९ मिलिग्रॅम कॅल्शियम छापलेलं असलं, तरी तुमच्या हाडांच्या वाट्याला त्यातलं पाचच मिलिग्रॅम येतं. माठ, चुका, घोळ हेसुद्धा ऑक्झॅलेटवालेच. छापील आकड्यावर विसंबणारा प्रत्येक डाएट चार्ट इथे तोंडावर आपटतो.

आणि केलचा हा गुण हवा असेल तर केलच आणायला हवा असंही नाही. केल, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं एकाच जातीची भावंडं. काश्मिरी माणूस याच घराण्यातलं हाक पिढ्यान्‌पिढ्या भाताबरोबर खातो आहे आणि त्यानं त्याचा कधी सोहळा केला नाही. आपल्या बाजारात नवलकोल येतो तो डोक्यावर पाल्याचा तुरा घेऊन. भाजीवाली विचारते, "पाला काढून देऊ का?" आणि आपण उदार मनानं म्हणतो, "काढा, काढा." मुळ्याचं तेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत मुळ्याच्या पाल्यात शंभर ग्रॅमला कॅल्शियम दोनशे मिलिग्रॅमच्या वर आहे आणि क जीवनसत्त्व साठच्या वर. तेवढं मुळ्याच्या कंदात शोधून सापडायचं नाही. पैसे आपण दोन्हींचे मोजतो, घरी फक्त पांढरा दांडका आणतो. मंडईमागे उभ्या असलेल्या गायीचा आहार आपल्यापेक्षा शास्त्रशुद्ध असतो.

पालकाच्या लोहाचीही एक करमणूक आहे. पालकात प्रचंड लोह असतं ही समजूत जुनीच. ती खोडताना शहाणी माणसं एक गोष्ट सांगतात: एका जर्मन शास्त्रज्ञाच्या हातून दशांशचिन्ह चुकलं, लोह दहापट छापलं गेलं आणि त्यावरच पॉपाय नावाचा कार्टूनमधला खलाशी पोसला गेला. गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाही. माइक सटन या ब्रिटिश अभ्यासकानं २०१० साली तिचा माग काढला, तेव्हा त्या दशांशचिन्हाला पुरावाच सापडला नाही. उलट १९३२ सालच्या एका चित्रपट्टीत पॉपाय पालकाचं कौतुक करतो ते अ जीवनसत्त्वासाठी. म्हणजे खलाशाचं वाचन आपल्या फॉरवर्ड करणाऱ्या काकांपेक्षा बरं होतं. पालकात लोह शंभर ग्रॅमला पावणेतीन मिलिग्रॅम असतं. वाईट नाही. पण भारतीय स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आपल्याच वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०२० चे निकष सांगतात, आणि पानांतलं लोह शरीर काटकसरीनंच घेतं. कच्च्या पालकाचा एक कप म्हणजे तीस ग्रॅम. त्यात लोह पाऊण मिलिग्रॅम. सॅलडच्या जिवावर हिमोग्लोबिन वाढवायला निघालेल्यांना माझ्या शुभेच्छा.

इथेच मी कच्च्याच्या धर्मावर येतो. शिजवलं की सगळं मरतं, हे त्या धर्माचं पहिलं सूत्र. पालक उकडला की शंभर ग्रॅममागे क जीवनसत्त्व २८ वरून १० मिलिग्रॅमच्या आत येतं, हे खरं आहे. पण कच्चा पालक एका कपात तीस ग्रॅम मावतो आणि शिजलेला एकशे ऐंशी. म्हणजे कच्च्या कपातून क जीवनसत्त्व मिळालं आठ मिलिग्रॅम, शिजवलेल्या कपातून सतरा. निम्म्याहून जास्त गमावूनही शिजवलेली भाजी दुपटीनं पुढे. शिवाय उकळून पाणी टाकलं तर ऑक्झॅलेटचा मोठा हिस्सा पाण्याबरोबर जातो. कच्च्या पालकाची रोज ग्लासभर स्मूदी रिचवणाऱ्यांना मात्र ते सगळं ऑक्झॅलेट अंगावर घ्यावं लागतं. अशा 'शुद्धीकरणा'नंतर मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

कच्च्या पानाच्या स्वच्छतेचा विषय निघाला की सॅलडप्रेमी विषय बदलतात. २०१८ साली अमेरिकेत युमा भागातल्या रोमेनमधून ई. कोलायची साथ पसरली; २१० जण आजारी पडले, पाच दगावले. संशयाची सुई शेतांना पाणी देणाऱ्या कालव्याकडे वळली. ही त्या देशातली गोष्ट, जिथे पानापानाचा माग काढता येतो. मुंबईच्या लोकलमधून प्रवास करताना रुळांच्या कडेचे हिरवेगार वाफे आणि त्यांना लागून वाहणारा काळा नाला ज्यानं पाहिला आहे, त्यानं तिथली पालेभाजी कच्ची खाण्याआधी आजीनं ती फोडणीत का परतली असेल याचा विचार करावा. परंपरेचा अभिमान म्हणून हे सांगत नाही. उकळी हा जंतूंवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, इतकंच.

मग फॅट-फ्री ड्रेसिंग. या शोधाला माझ्या हातात असतं तर मूर्खपणाचं सुवर्णपदक दिलं असतं. आयोवा राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली पालक, रोमेन, गाजर आणि चेरी टोमॅटो यांचं एकच सॅलड तीन प्रकारे खायला दिलं: तेलाशिवाय, सहा ग्रॅम तेलासह आणि अठ्ठावीस ग्रॅम तेलासह. मग रक्त तपासलं. तेलाशिवाय खाल्लेल्या सॅलडमधलं कॅरोटीन रक्तात जवळजवळ उतरलंच नाही. सहा ग्रॅमनं उतरलं, अठ्ठावीसनं आणखी जास्त. प्रयोगातली माणसं सातच होती, म्हणून मी नेमक्या मात्रेवर पैज लावणार नाही. पण कॅरोटीन तेलात विरघळतं, पाण्यात नाही, हे त्याच्या रसायनातच आहे. तरी आमच्या जिमसमोरच्या सॅलडच्या गाड्यावर पाटी असते, 'झीरो ऑइल'. पान महागाचं घ्यायचं, त्यातलं कॅरोटीन आत शिरण्याचं दार स्वतःच्या हातानं लावून घ्यायचं आणि वर त्याबद्दल जादा पैसे द्यायचे.

मराठवाड्यात, सोलापूरकडे मेथीचा घोळाणा करतात. कोवळी कच्ची मेथी, कांदा, तिखट, मीठ, दाण्याचं कूट, वरून कच्चं तेल; कोणी लिंबू पिळतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात मेथीचं लोह पाच मिलिग्रॅमच्या वर आहे आणि कॅल्शियम अडीचशेच्या वर. तेल कॅरोटीनला आत नेतं, लिंबू लोहाला हात देतं. पौष्टिक सॅलडची जी व्याख्या परिषदांमधून पडद्यावर दाखवतात, ती या भाकरीबरोबरच्या तोंडीलावण्यात आधीच पुरी झालेली आहे. पण घोळाण्याला मेनूवर जागा नाही. त्याची जुडी स्वस्त आहे, आणि स्वस्त वस्तूचं पुण्य लागत नाही असा आपला नवा शास्त्राधार.

एवढं वाचून देशीवाद्यांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली असेल तर त्यांनी हात खाली ठेवावेत. त्यांचा हिशेब केलवाल्यांपेक्षा तसूभरही बरा नाही. 'शेवग्याच्या पाल्यात संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व, दुधाच्या चौपट कॅल्शियम' हा संदेश मला इतक्यांदा आला आहे की पाठवणाऱ्यांना पाला खायला वेळ कधी मिळतो हा प्रश्न पडतो. पहिलं म्हणजे २०१७ च्या तक्त्यात शेवग्याच्या पाल्याचं कॅल्शियम तीनशेच्या थोडं वर आहे, दुधाचं एकशे वीसच्या आसपास. चौपट कुठलं, अडीचपट. आणि तेही वजनाला वजन लावून. संत्रं माणूस अख्खं खातो. शेवग्याचा पाला आमटीत मूठभर पडतो, दहा-पंधरा ग्रॅम. त्यातून क जीवनसत्त्व मिळतं दहा-पंधरा मिलिग्रॅम आणि शिजताना त्यातलंही घटतं. एका संत्र्यातून त्याच्या तिप्पट-चौपट मिळतं. ताटात आल्यावर सातपटीचा दावा उलटा होतो. वाळवून भुकटी केली की क जीवनसत्त्वाचा बराचसा भाग आधीच गेलेला असतो. डबी मात्र त्याच आकड्याच्या जिवावर विकली जाते.

घोळीचंही तसंच. या रसरशीत पानांत ओमेगा-३ घराण्यातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, शंभर ग्रॅमला तीनशे ते चारशे मिलिग्रॅम, हे आर्टेमिस सिमोपोलस यांनी १९९२ साली दाखवलं. पालेभाजीत ही गोष्ट विशेषच. पण मोठा चमचाभर जवसाची चटणी त्याच्या कितीतरी पुढे जाते. घोळ चवीसाठी खा, आंबटसर सुंदर लागते. माशाला पर्याय म्हणून तिच्यावर निबंध लिहू नका. 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल उघडावा. महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आहेत आणि आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. दर पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरतात, मान्यवर टाकळ्याच्या वड्यांसोबत फोटो काढतात आणि रक्त काही वाढत नाही. ज्या बाईला हे लोह हवं आहे, तिच्या ताटात पाव किलो पालेभाजी, डाळ आणि लिंबू रोज कसं पडेल, हा खरा प्रश्न. केल विरुद्ध करटोली हा पोट भरलेल्यांचा वाद आहे.

एका ठिकाणी मात्र पानाचं नाव जिवाशी येतं आणि तिथे हे सगळे उपदेशक गप्प असतात. हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्तात गुठळी झालेल्या रुग्णाला वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल दिलं जातं. या गोळ्या के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतात. ते आइसबर्गमध्ये २४ मायक्रोग्रॅम, रोमेनमध्ये शंभरच्या वर, पालकात पावणेपाचशेच्या वर. अशा माणसानं कोणाचं तरी व्हिडिओ-प्रवचन ऐकून सोमवारपासून हिरवी स्मूदी सुरू केली, तर गोळीचा असर ढासळतो. पालेभाजी बंद करा असं डॉक्टर सांगत नाहीत. रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि रक्त तपासत राहा असं सांगतात. प्रमाण म्हणजे काय, हे मात्र सॅलडच्या संस्कृतीनं आपल्याला कधी शिकवलेलंच नाही.

म्हणून माझ्या मागण्या रूक्ष आहेत. हॉटेलांनी सॅलडपुढे पानाचं नाव आणि ग्रॅम छापावेत. आहारतज्ज्ञांनी 'ग्रीन्स' एवढं लिहून फी घेऊ नये. कुठली भाजी, किती वजनाची, किती तेलात, हे लिहावं आणि ती भाजी रुग्णाच्या गल्लीत मिळणारी असावी. पाकीटबंद धुतलेली पानं विकणाऱ्यांनी तोडणीची तारीख टाकावी. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या अभ्यासात पालकानं फ्रिजच्या चार अंश थंडीतही आठ दिवसांत जवळजवळ निम्मं फोलेट गमावलं होतं. बाहेरून पान मात्र आठव्या दिवशीही बऱ्यापैकी दिसू शकतं. आणि तुम्ही-आम्ही भाजीवालीला म्हणावं, "पाला राहू द्या."

ज्याला सॅलड आवडतं त्यानं ते खुशाल खावं. थंड, कुरकुरीत, आंबट-खारट वाडगा उन्हाळ्याच्या दुपारी मलाही आवडतो, आणि आवडीला कारण द्यावं लागत नाही. पण त्याच वाडग्यावर आरोग्याची पावती फाडायची असेल, तर त्या पावतीवर आधी वजन लिहा.